बांधला की अडकवला

धुळा मूळचा वडूजकडचा. वडूजच्या पूर्वेला तीन-चार कोसांवर उघड्या माळावर पंधरा घरांची एक वस्ती होती. तिथंच त्याचा बाप मेंढरांमागं हिंडत म्हातारा झाला आणि एका उन्हाळ्यात मेंढरांमागंच गेला. आई त्याच्याही आधी गेलेली. धुळाला वाढवलं ते थोरल्या भावानं, कोंडीबानं. दोघांत अंतर पाच-सहा वर्षांचंच, पण कोंडीबानं त्याला खांद्यावर बसवून चारणी दाखवल्या, काट्याची वाट आणि पाण्याची वाट ओळखायला शिकवली. मोठेपणीही कोंडीबा कुठं दिसला की दहा पावलांवर धुळा असणार, हे वस्तीला पाठ झालं होतं.

त्या घरात बोलणं बेताचंच. दिवसभर बोलायचं ते मेंढरांशी आणि कुत्र्याशी, मग माणसाला माणसाशी बोलायला शब्द फारसे लागायचेच नाहीत. एकाच शब्दावर दहा कामं भागायची. कोकरू खुंटीला बांधायचं असलं तरी बाप म्हणायचा, "आडकीव." मेंढरांभोवतीच्या जाळ्याचं, म्हणजे वाघुरीचं, तोंड बंद करायचं असलं तरी आडकीव. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड घालून दोरीनं आवळायचं असलं तरी तेच. बांधणं हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. तो पटक्याला लागायचा आणि घराला. पटका बांधायचा, घर बांधायचं. बाकी सगळं आडकिवायचं.

कोंडीबाची बायको बनुबाई उंब्रजकडची. तिचा बाप मेंढरं मोडून कृष्णाकाठच्या गावात सालानं राहिला होता. घरात आल्यावर पहिले काही दिवस ती या बोलण्याला तोंडावर पदर धरून हसायची. पण हसून झालं की ती तसंच बोलायची, कारण त्या घरात तिला कोणी तोडून बोलत नव्हतं. तिला एकच मुलगी झाली, मनू. धुळाचं लग्न पुढं वडूजकडच्याच सुलाबाईशी झालं. दोन्ही बायका एका चुलीवर राहिल्या आणि भांडल्या त्या चारचौघींइतक्याच.

एकोणीसशे चाळीस साली मेंढरांना रोग पडला. रोज दोन-तीन माना टाकायची. दिवाळीपर्यंत वाघूर निम्मीही भरेना. कोंडीबानं उरलेली मेंढरं धुळाच्या मेव्हण्याच्या खांडात, म्हणजे कळपात, सोडली आणि दोघं भाऊ विहिरी खणायच्या कामाला लागले. तिकडं विहिरी खणणाऱ्या टोळ्या पुष्कळ होत्या. वर्षभर अशाच एका टोळीत त्यांनी पहार कशी धरायची, खडकाला भोकं कशी पाडायची, सुरुंगाची दारू कशी ठासायची हे सगळं शिकून घेतलं. कोंडीबाचा हात लवकर बसला. वात पेटवून वर यायचं काम तो स्वतःकडं ठेवायचा. धुळाला त्यानं ते कधी करू दिलं नाही.

बेचाळीसच्या चैत्रात बनुबाईच्या बापानं निरोप धाडला, की उंब्रजच्या लालासाहेबांना मळ्यात नवी विहीर पाडायची आहे, माणसं भरवशाची हवीत. दोघं भाऊ निघाले. बरोबर वस्तीवरचाच आकाराम घेतला. बनुबाईही मनूला घेऊन माहेरी म्हणून आली, म्हणजे भाकरीची सोय झाली. लालासाहेब जमीनजुमल्याचे, उसाचे बागाईतदार, पण माणूस तिरका नव्हता. सकाळी एकदा येऊन विहिरीत डोकावायचे आणि काही न बोलता जायचे.

वरची काळी माती आणि मुरूम पंधरा दिवसांत निघाला. खाली काळा पाषाण लागला. महिनाभरात विहीर पाच पुरुष, म्हणजे एकावर एक पाच माणसं उभी राहतील इतकी, खोल गेली. काठावर खडकाच्या भेगेत एक जाड पहार ठोकलेली होती. माती-दगडाची पाटी वर ओढायच्या दोराला टोकाशी कायमचा फासा केलेला होता. खाली पाटी भरेपर्यंत तो फासा पहारीत घालून ठेवायचा, म्हणजे दोर विहिरीत जात नाही. माणूस दोरावरनं चढणार असला की मात्र दोर पहारीला दोन वेढे देऊन निरगाठीनं आवळायचा. हे काम धुळाचं. दोर झाला की त्यानं रस्त्याकडं पळत जाऊन, सुरुंग हाय, सुरुंग हाय, म्हणून ओरडायचं, माणसं-जनावरं थांबवायची. तेवढ्यात कोंडीबा खाली वाती पेटवायचा आणि दोराला धरून वर यायचा. महिनाभरात असं पंचवीस-तीस वेळा झालं होतं.

त्या दिवशी दुपार टळायला लागली होती. चार भोकं भरून तयार होती. आकाराम आणि गावचे दोन गडी आधीच लांब बाभळींच्या पलीकडं जाऊन बसले. कोंडीबानं खालून हाक दिली. धुळा पहारीपाशी वाकला, दोर हातात घेतला आणि तेवढ्यात त्याच्या कानावर घुंगरं आली. मळ्याच्या वाटेनं बैलगाडी येत होती. गाडीत लालासाहेबांच्या घरच्या बायका होत्या, वाट विहिरीच्या अंगावरनंच जाणारी. धुळा पळाला. हात वर करून ओरडत पळाला. गाडीवानानं कासरा खेचला, बैल जागच्या जागी फिरले. धुळा बैलांच्या तोंडापुढं उभा राहून त्यांना मागं रेटत असतानाच मागं पहिला आवाज झाला. मग दुसरा, मग दोन एकदम. खडे गाडीच्या चाकापर्यंत आले.

धूर ओसरल्यावर तो नेहमीसारखा हाक देत माघारी आला. कोंडीबा सुरुंग झाल्यावर बाभळींकडनं हसत यायचा. त्या दिवशी बाभळींकडनं आकाराम एकटाच आला. धुळानं पहारीकडं बघितलं. पहार होती, दोर नव्हता.

कोंडीबाला वर काढलं ते आकारामनं आणि गावच्या गड्यांनी. धुळाला त्यांनी खाली उतरू दिलं नाही. वर आणल्यावर बनुबाईला तोंड बघू दिलं, बाकीचं अंग घोंगड्यात गुंडाळलेलं राहिलं. लालासाहेबांनी गाडी दिली, लाकडं दिली, स्वतः नदीपर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. त्यांनी विहीर बघितली, पहार हलवून बघितली. ती घट्ट होती. दोर दगडाखाली चिरडून, तुटून, जळून गेला होता, त्याच्या टोकाला काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. लालासाहेबांच्या ओसरीवर फौजदारांनी धुळाला समोर बसवलं. धुळानं आदल्या दुपारपासून पाणीसुद्धा घोटभरच घेतलं होतं.

"दोराचं काय केलं होतंस?" फौजदारांनी विचारलं.

"आडकिवला व्हता, सायेब."

"पहारीला?"

"व्हय. पहारीलाच आडकिवला व्हता."

शेजारी लिहून घेणारा माणूस बसला होता. त्यानं लिहिलं, की मी दोर पहारीस नुसता अडकविला होता, बांधला नव्हता. लिहिलेलं वाचून दाखवलं. धुळानं ऐकलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं म्हणजे त्याला ते नीट ऐकूही आलं नाही. त्यानं अंगठा उठवला.

त्याला पकडून नेलं तेव्हा गावानं हळहळ केली आणि चार-आठ दिवसांत सुटेल असं एकमेकांना सांगितलं. खटला कऱ्हाडच्या कोर्टात उभा राहिला. लालासाहेबांनीच एक वकील बघून दिला, तरुण आणि कळवळ्याचा. वकिलानं कोठडीत येऊन धुळाला पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, की या माणसाच्या घरात आडकिवणं म्हणजे बांधणंच. त्याला वाटलं, खटला इथंच सुटला. कोर्टात त्यानं वस्तीवरची दोन म्हातारी माणसं उभी केली. त्यांनी सांगितलं, की आमच्यात मेंढरू आडकिवत्यात, बिऱ्हाड आडकिवत्यात, समदं आडकिवत्यात. एकानं पायातल्या वहाणेचा अंगठा दाखवून यालाही आडकिवलंच म्हणतो असं सांगितलं, तेव्हा कोर्टातली मंडळी हसली आणि मॅजिस्ट्रेटही थोडे हसले. वकिलाला धीर आला. मग त्यानं मयताच्या बायकोलाच उभं केलं. भावजयच दिराच्या बाजूनं बोलली तर मग राहिलं काय, असा त्याचा हिशेब होता.

बनुबाई कपाळ मोकळं ठेवून पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेताना तिनं मनूच्या डोक्यावर हात ठेवू द्या म्हटलं. तशी रीत नव्हती, पण मनू खाली उभी होती तिच्याकडं बघत तिनं शपथ घेतली. वकिलानं विचारलं तसं तिनं सांगितलं, की घरात आडकिवणं म्हणजे बांधणंच म्हणत्यात, मी नवी आले तवा हसायचे. वकील खाली बसला. मग सरकारी वकील उठले. त्यांनी फार काही विचारलं नाही. ते म्हणाले, बाई, घरातलं राहू द्या. विहिरीवर तुमचे मालक काय म्हणायचे?

बनुबाईनं खाली उभ्या मनूकडं बघितलं. मग तिनं धुळाकडं न बघता सांगितलं.

"हिरीवर त्येंचं बोलणं निराळं व्हतं. त्ये म्हनायचे, पाटीचा दोर आडकिवत्यात, मानसाचा बांदत्यात. ह्येस्नी पन त्येच शिकिवलं व्हतं."

"यांनाही शिकवलं होतं?"

"व्हय. रोज वरडून सांगायचे. धुळा, बांद रं."

ते खरं होतं. धुळाच्या कानात ते शब्द तसेच्या तसे होते. विहिरीच्या कामाला लागल्यावर टोळीतल्या लोकांकडनं कोंडीबानं हा फरक उचलला होता आणि धुळाला त्यावरनं दोनदा थोबाडीतही दिली होती. वकिलानं मान खाली घातली. धुळाला त्या वेळी बनुबाईचा राग आला नाही. एवढंच वाटलं, की दादाचा आवाज तिला अजून त्याच्याइतकाच चांगला ऐकू येतो.

कोर्टानं विहिरीवरचाच अर्थ धरला. त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली आणि सातारच्या तुरुंगात नेलं.

तुरुंगात पहिले दोन महिने तो खडी फोडायचा आणि झोपायचा. डोक्यात काही चालायचं नाही. ऑगस्टनंतर मात्र तुरुंग माणसांनी भरून गेला. चळवळीतली पोरं, शेतकरी, वकील, दुकानदार, सगळे गाड्या भरभरून येऊ लागले. त्यांच्यात वाळव्याकडचे एक शाळामास्तर होते, भाऊसो नावाचे. पन्नाशीला आलेले, दम्याचे, आणि शब्दांचं वेड असलेले. कोण कुठल्या गावचा, तो पावसाळी ढगाला काय म्हणतो, उलट्या चपलेला काय म्हणतो, हे विचारून पाठ करून ठेवायचे. त्यांना धुळाची हकिगत कळली आणि ते अंगात आल्यासारखे उठले. एका शब्दापायी माणूस आत आला, याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांनी वरच्या कोर्टाला अर्ज लिहायला घेतला. रोज संध्याकाळी बराकीत बंद व्हायच्या आधी धुळाला जवळ बसवून विचारायचे, तुझा बाप याला काय म्हणायचा, त्याला काय म्हणायचा.

एकदा त्यांनी आपलं उपरणं घेतलं. एक टोक खिडकीच्या गजाला गाठ मारून बांधलं. दुसऱ्या टोकाचा सैल फासा करून तो शेजारच्या गजाच्या मोडक्या टोकात घातला.

"हे बघ," ते म्हणाले. "बांधलेलं असतं ते स्वतःलाच धरून राहतं. सुटायचं तर कुणाचा तरी हात लागतो, नाहीतर कापड फाटावं लागतं. अडकवलेलं असतं ते ओढीवर राहतं. खालून ओढ आहे तोवर ते गाठीइतकंच पक्कं. ओढ क्षणभर सैल पडली की निघतं. दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून तुमच्या घरानं एकच शब्द ठेवला असेल. पण गोष्टी दोन आहेत."

धुळानं उपरण्याचा फासा ओढून बघितला. घट्ट राहिला. मग हात सैल सोडला, किंचित वर केला. फासा निघून भिंतीवर पडला. त्यानं तो परत घातला, परत सैल सोडला. असं चार-पाच वेळा केलं. दोरावरनं चढणारा माणूस मध्ये एकदा दम खातो, भिंतीला पाय लावून अंगाचा भार तिच्यावर टाकतो, हे त्याला ठाऊक होतं. कोंडीबा तिसऱ्या पुरुषाला एकदा थांबायचाच.

"मास्तर," त्यानं विचारलं, "मग म्या काय केलंतं?"

मास्तर अर्जाच्याच नादात होते. ते म्हणाले, तू बांधलं होतंस, म्हणूनच तर हे सगळं लिहितोय. मग त्यांनी धुळाचं तोंड बघितलं आणि उपरणं सोडून घेतलं.

त्या दिवसापर्यंत धुळाला कधी शंका आली नव्हती. दोर आडकिवला होता, एवढं त्याला पक्कं होतं, आणि त्या एका शब्दात दोन्ही मावत होतं. आता त्या शब्दाचे दोन तुकडे झाले आणि त्याला एक उचलणं भाग पडलं. तो आठवू लागला. वाकलो होतो. डाव्या तळव्याला दोर टोचत होता. पहार उन्हानं तापली होती, हाताला चटका बसला होता. घुंगरं ऐकू आली. एवढं दिसायचं. त्याच्यापुढं हातांनी काय केलं ते दिसायचं नाही. काही दिवस त्याला वेढे दिसायचे, एक, दोन, आणि वरनं गाठ, अंगठ्यानं दाबून आवळलेली. काही दिवस नुसता फासा दिसायचा, घाईनं पहारीवर टाकलेला. दोन्ही सारखेच स्वच्छ दिसायचे. सुरुंगाच्या आधी तीस वेळा त्यानं गाठ मारली होती आणि शेकडो वेळा फासा टाकला होता, तेव्हा दोन्हींची चित्रं त्याच्यापाशी भरपूर होती. त्या दिवसाचं कुठलं ते सांगायला कोणी नव्हतं.

अर्जाचं उत्तर पौषात आलं. अर्जात दखल घेण्यासारखं काही आढळत नाही, असं दोन ओळींत होतं. मास्तरांनी ते धुळाला वाचून दाखवलं आणि स्वतःच जास्त खचले. महिन्याभरानं त्यांना दुसऱ्या तुरुंगात हलवलं. जाताना ते धुळाला म्हणाले, की मी तुझं भलं करायला गेलो. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात धुळा सुटला. सातारहून वडूजपर्यंत आला आणि तिथनं माळ तुडवत वस्तीवर. सुलाबाईनं त्याला अंघोळीला पाणी दिलं, भाकरी वाढली. बनुबाई दिराची वाट बघत इतके दिवस वस्तीवरच राहिली होती. बापानं दोनदा न्यायला माणूस धाडला, ती गेली नव्हती. धुळाचं जेवण होईपर्यंत ती थांबली. मग समोर येऊन बसली.

"भावजी," ती म्हणाली, "कोर्टात म्या खरं त्येच सांगितलं. त्येचा राग धरू नगासा."

धुळानं मान हलवली.

"आता मला एकच सांगा. बांदलावता का आडकिवलावता?"

धुळाला वाटेनं येताना माहीत होतं, की ती हे विचारणार. काय सांगायचं तेही त्यानं ठरवलं होतं. बांधला होता म्हणायचं. तेवढं म्हटलं की घर चालेल. पण तिचं तोंड समोर आल्यावर त्याला ते म्हणवलं नाही.

"ठावं न्हाई, वैनी."

"ठावं न्हाई म्हंजे?"

"लय आठिवलं. ठावं न्हाई."

बनुबाई रडली नाही. ती हळूहळू बोलली, जसं काही स्वतःलाच समजावत होती. "बांदलावता म्हनला असता, तर गाठ सरकली म्हनून सोडून दिलं असतं. आडकिवलावता म्हनला असता, तर चार दिस शिव्याशाप दिलं असतं, पन तुमीच हायसा, तुमाला कुठं टाकायचं. ह्येचं काय करू मी? ठावं न्हाई, ह्येचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिनं मनूला घेतलं आणि बापाकडं उंब्रजला गेली. सुलाबाई वेशीपर्यंत गेली, धुळा गेला नाही.

मेव्हण्यानं सांभाळलेल्या मेंढरांपैकी बारा-पंधरा परत आली होती. धुळा ती घेऊन रानात जाऊ लागला. पण त्याचे हात कामातनं गेले होते. संध्याकाळी वाघुरीची एक मेख आडकिवली की तो दुसरीकडं जायचा, आणि तिथनं परत पहिलीकडं येऊन बघायचा. गाठ आहे ना, की नुसताच फास आहे. बोटानं चाचपायचा, सोडायचा, परत मारायचा. वाघूर लावायला दिवेलागण व्हायची आणि सकाळी सोडायला ऊन डोक्यावर यायचं. मेंढरं उपाशी राहू लागली. सुलाबाईनं आधी समजावलं, मग ओरडली, मग स्वतःच दोरी हातात घेतली. विहिरीच्या कामावर त्याला कोणी घेईना आणि घेतलं असतं तरी तो गेला नसता. वस्तीवरची माणसं त्याच्याशी नीटच वागायची. फक्त त्याच्या देखत कोणी आडकीव म्हणायचं नाही. बोलता बोलता शब्द तोंडाशी आला की थांबायचे, आणि ते थांबणं त्याला ऐकू यायचं.

शेवटी पंचेचाळीस साली सुलाबाईनंच निघायचं काढलं. तिच्या लांबच्या नात्यातलं कोणी सांगलीला हळदीच्या पेठेत होतं. दोघं कुपवाडच्या गावाबाहेर एक खोपटं घालून राहिले. तिथनं रोज चालत सांगलीला. सुलाबाई हळकुंडं निवडायला बसायची. धुळाला पोती भरायच्या कामावर घेतलं. गाडीवर पोत्यांची चळत झाली की वरनं दोर टाकून आवळायचा असे, ते काम त्यानं पहिल्याच दिवशी नाकारलं. मग त्याला पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. दाभण आणि सुतळी. ते काम मात्र तो नीट करायचा, तोंड वर न करता, एकेक टाका जवळ जवळ घालत. हात, डोक्याचा पटका, पापण्या, सगळं पिवळं होऊन जायचं. इथं त्याला कोणी ओळखत नव्हतं. माणूस मुका आहे की काय, असं नव्या हमालांना पुष्कळ दिवस वाटायचं.

दोघांना मूल झालं नाही. सुलाबाईनं देव केले, नवस केले, आणि मग तेही सोडलं.

सांगलीचं संस्थान गेलं, राज्य बदललं, पेठेत झेंडे लागले आणि साखर वाटली. त्यानंतरच्या वर्षी, माघ महिन्यात, आकाराम त्याला शोधत पेठेत आला. तो आता पिकला होता. त्यानं निरोप आणला होता, की मनूचं लग्न ठरलं आहे, वैशाखात, उंब्रजलाच, आणि चुलता म्हणून धुळानं यावं असं बनुबाईनं सांगितलं आहे. धुळानं सुई खाली ठेवली. तिनंच सांगितलं का, असं त्यानं दोनदा विचारलं. आकाराम म्हणाला, तिनंच.

मग दोघं पेठेच्या भिंतीला टेकून बसले. आकारामनं तंबाखू मळली. थोडा वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "धुळा, तुला येक सांगायचं राहिलंय गड्या. तू बांदलावतास. म्या बघिटलंतं."

धुळानं त्याच्याकडं बघितलं. "कुठनं?"

"बाभळीकडनं."

"वेढं किती दिलंतं?"

आकाराम गडबडला. दोन-तीन दिले असतील, तो म्हणाला. गाठ कुठल्या अंगाला होती, धुळानं विचारलं. आकाराम तंबाखू मळत राहिला. बाभळींकडनं पहार दिसत नव्हती, मध्ये दगडांचा ढीग होता. धुळाला ते ठाऊक होतं आणि आकारामलाही. आकाराम बोलला ते खोटं होतं, पण इतकी वर्षं मनात ठेवून, इतक्या लांब येऊन बोललेलं खोटं होतं. धुळानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मी लगनात बी तसंच सांगीन," आकाराम हळूच म्हणाला. "बनुबाईम्होरं. देवाची आन घिऊन सांगीन. म्हातारा झालोय, माझं काय जातंय."

धुळा उठून परत पोत्याकडं गेला. तीन महिने तो त्यावर विचार करत राहिला. सुलाबाईला त्यानं सांगितलं तेव्हा ती एकदम म्हणाली, की सांगू दे त्याला. एवढ्या वर्षांत तिनं त्याच्याकडं काही मागितलं नव्हतं, हे मागितलं. ती म्हणाली, तिलाही सुटू दे आणि आपल्यालाही.

वैशाखात दोघं उंब्रजला गेले. बनुबाईच्या बापाच्या दारात मांडव होता. मनू पंधरा वर्षांची झाली होती. डोळे आणि कपाळ हुबेहूब कोंडीबाचं. ती पाया पडायला वाकली तेव्हा धुळाला तिच्या डोक्यावर हात ठेवायला जमेना, तो नुसताच हवेत राहिला. सुलाबाईनं त्याचा हात धरून खाली केला. अक्षता पडल्या. पंगती बसल्या. आकाराम कोपऱ्यात बसून धुळाकडं बघत होता, तू खुणावलंस की उठतो अशा बेतानं.

बनुबाई वाढायला आली. केस पांढरे झाले होते, अंगानं वाळली होती. तिनं धुळाच्या पत्रावळीवर भात घातला, आमटी घातली आणि क्षणभर तिथंच वाकून राहिली. धुळाला वाटलं, ती विचारणार. त्यानं आकारामकडं बघितलं. आकाराम उठायला लागला. धुळानं मान हलवून त्याला खाली बसवलं.

"वैनी," तो म्हणाला, "आजून बी ठावं न्हाई."

बनुबाईनं हातातलं भांडं सावरलं.

"म्या इचारलं का?" ती म्हणाली, आणि पुढच्या पत्रावळीकडं गेली.

तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. धुळा पत्रावळीवरचा भात कालवत बसला. सगळी पंगत उठली तरी तो बसून होता. शेवटी त्यानं अन्न टाकायचं नाही म्हणून सगळं खाल्लं. बनुबाई परत त्या बाजूला आली नाही. वरात निघायच्या आत सुलाबाईनं पिशवी उचलली आणि दोघं सडकेवर येऊन सांगलीकडच्या मोटारीची वाट बघत थांबले. मोटार भरून आली होती. सुलाबाईला आत जागा मिळाली. धुळा दाराशी उभा राहिला, दांडीला दोन्ही हातांनी धरून, कऱ्हाड येईपर्यंत एकदाही हात सैल न सोडता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेठेत कामावर हजर होता. मुकादमानं लग्न कसं झालं विचारलं. धुळा म्हणाला, झालं. आणि पहिलं पोतं पुढं ओढलं.